ब्लाऊजमधली माया

श्रावण लागला की आमच्या टेलरताईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंगळागौर, राखी, पाठोपाठ गौरी-गणपती. प्रत्येकीला ब्लाऊज कालच हवा असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत मी माझा एक जुना, लाडका, जांभळ्या खणाचा ब्लाऊज घेऊन गेले. हुक लागत नव्हते. चार बायकांसमोर ते सांगायचं म्हणजे लाज. तरी पुटपुटले, "माझंच वाढलंय हो सगळं." त्यांनी ब्लाऊज उलटा केला, बाजूची शिवण दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "आत दीड इंच माया आहे की वहिनी. उसवून देते. परवा न्या."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग बदलणार हे शिंपी गृहीत धरूनच चालतो आणि आधीच तशी सोय करून ठेवतो. तयार कपड्यांच्या दुकानात ही माया मिळत नाही. तिथे आकडा असतो आणि त्या आकड्यात न मावणारी बाई असते.

मग ताईंनी वही उघडली. माझ्या नावाचं पान २००१ सालापासूनचं. छाती, कंबर, मुंढा, दंड, बाहीघेर, उंची. लग्नानंतरची मापं, बाळंतपणानंतरची, टायफॉइडमधून उठल्यावरची, चाळिशीतली. वीसहून अधिक वर्षांचा माझा इतिहास, आणि त्यात विशेषण एकही नाही. "सुटलेली" नाही, "बारीक झालेली" नाही. पडद्यामागे ब्लाऊज घालून बघणाऱ्या बायकांच्या तोंडी मात्र विशेषणांशिवाय दुसरं काही नव्हतं. मेलं हे पोट. हे दंड बघा, दंड. एक आई तर सोबतच्या सोळा-सतरा वर्षांच्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला बाही कोपरापर्यंतच ठेवा, दंड चांगले नाही दिसत." पोरीनं ओढणी पुढे ओढून घेतली.

त्या दिवशी घरी येऊन मी एक वही केली. दोनशे पानी, साधी. टेलरताईंसारखी नुसते आकडे आणि तारखा लिहायची. तुम्हीही करा, आणि त्या वहीत काय लिहायचं ते या लेखात सांगते. मी डॉक्टर नाही. पण बरीच वर्षं डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचं, बायकांची गाऱ्हाणी ऐकण्याचं आणि स्वतःच्या अंगावर चुका करून बघण्याचं काम केलं आहे.

वजन शेवटच्या पानावर

वजनाला पहिलं पान देऊ नका. काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. उंचीच्या हिशेबात वजन बसवणारा जो बीएमआय आपल्याला प्रत्येक तपासणी शिबिरात सांगतात, त्याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या अदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाच्या सूत्रात आहे. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. एकेका माणसाची तब्येत जोखायचं त्याच्या मनातही नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं दिलं, तेही पुरुषांच्या मोजमापांवर काम करताना.

आपल्याकडचा घोळ तर आणखी वेगळा, आणि तो जगाला दाखवून दिला पुण्यानं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरलं, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हडकुळी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखून असलेली. म्हणजे बारीक दिसणारी बाईसुद्धा आतून चरबीची आणि स्नायूंनी गरीब असू शकते. 'मला काय होणार, मी तर काडी' म्हणणाऱ्या मावशींनाच पुढे साखर निघते ती यामुळे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादाही खाली आणली आहे. २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर कंबर लिहा. पण परकराची नाडी बांधतो ती कंबर नव्हे. कुशीत हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग खुब्याचं वरचं हाड शोधा. दोन्हींच्या मधोमध, साधारण बेंबीच्या आसपास, टेप आडवी फिरवा. सकाळी, पोट रिकामं असताना, श्वास सहज सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचं नाही (टेलरताईंसमोर आपण सगळ्याच ओढतो). आकडा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या पुढे असेल तर रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या, वजन कितीही असो. घरात टेप नसेल तर सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीइतकी सुतळी कापा आणि तिची दुहेरी घडी करा. ती घडी कमरेला पुरली पाहिजे. महिन्यातून एकदा बघितलं की पुरे. रोज मोजणाऱ्या बाईचा दिवस आकड्यावर चढतो-उतरतो, आणि पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं ते चरबी समजून ती उगाच जेवण सोडते.

कमरेपाशी आहोत तोवर नाडीचंही सांगून टाकते. साडी चापूनचोपून बसावी म्हणून परकराची नाडी इतकी करकचून बांधतात की रात्री सोडली तरी कमरेभोवती काळा पट्टा उरतो. तो पट्टा खाजतो, सोलवटतो, कधी चिघळतो. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची प्रकरणं प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं एकाच जागी लुगडं-परकर घट्ट बांधल्यामुळे झालेल्या जखमेचा पुढे त्वचेचा कर्करोग झाला होता. असं क्वचितच होतं, घाबरून जाऊ नका. पण नाडी सैल बांधा, रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, घरी असाल तेव्हा बांधायची जागा वर-खाली करा. चार आठवड्यांत न भरलेली कमरेवरची जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हळद लावून बसू नका.

रक्ताचं पान

हे पान सगळ्यात मोठं ठेवा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रही काही फार मागे नाही, इथेही निम्म्याहून जास्त. म्हणजे आपल्या भिशीत दहाजणी असतील तर पाच-सहाजणींचा हिमोग्लोबिनचा आकडा बाराच्या खाली. गरोदर नसलेल्या बाईला बारा तरी हवा.

याची लक्षणं आपण लक्षण मानतच नाही. जिना चढताना धाप लागते, 'वय झालं.' केस गळतात, 'पाणी बदललं.' दुपारी डोळे मिटतात, 'आळशी झाले मी.' पोरांवर खेकसणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधड. आणि एक गोष्ट बायका कुजबुजत सांगतात, ती म्हणजे काहीबाही खावंसं वाटणं. कच्चे तांदूळ, भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, फ्रीजमधला बर्फ. यावर घरात हसतात किंवा रागावतात. खरं तर लोह कमी पडल्याची ती एक ओळखीची खूण आहे. असं खावंसं वाटत असेल तर लाजू नका, रक्त तपासा.

सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी आहे. सरकारी दवाखान्यात होते, खासगी प्रयोगशाळेतही फार खर्चाची नाही. नुसत्या बोट टोचून काढलेल्या आकड्यावर थांबू नका. सोबत फेरिटिन करता आलं तर उत्तम, कारण त्यातून लोहाची शिल्लक कळते. आकडा बारा आणि शिल्लक शून्य, असंही होतं.

आता खाण्याचं. पालेभाजी खा हे सगळे सांगतात, खाताना काय टाळायचं ते फारसं कुणी सांगत नाही. आपलं लोह अडवतो तो चहा. जेवण झालं की कपभर चहा ही सवय असेल तर ताटातलं बरंचसं लोह तसंच बाहेर जातं. जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो सोबत घ्या. क जीवनसत्त्व लोहाला आत घेऊन जातं. बाजरीची भाकरी, अळीव, राजगिरा, मोड आलेली मटकी, काळे तीळ हे आपलेच आहेत, परदेशी बियांवर पैसे घालवायची गरज नाही. फोडणीला लोखंडी कढई वापरा, तीही थोडं लोह देते. सामिष खाणाऱ्यांना कलेजी किंवा मासळीतलं लोह सहज लागू पडतं. गूळ-शेंगदाण्याचा लाडू खा, पण एवढ्यावर रक्त वाढेल या भ्रमात राहू नका. गूळ ही शेवटी साखरच. आणि आकडा दहाच्या खाली गेला असेल तर आहारानं तो भरून यायची वाट बघू नका, गोळी लागतेच.

गोळीबद्दल बायकांची तक्रार ठरलेली: मळमळतं, शौचाला काळं होतं, मग सोडली. काळं होणार, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर दीड-दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दुधाबरोबर, चहाबरोबर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, कॅल्शियमही लोहाला अडवतं. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेऊ का, असं डॉक्टरांना विचारा. अनेकींना ते मानवतं आणि लोहही चांगलं शोषलं जातं. महत्त्वाचं म्हणजे आकडा बारावर आला की गोळी थांबवू नका. शिल्लक भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. बहुतेकजणी इथेच सोडतात आणि वर्षभरात पुन्हा नवावर येतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात मुली आणि स्त्रियांसाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी मोफत आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात मिळते. ही आठवड्याची गोळी रक्त टिकवण्यासाठी आहे. खूप खाली गेलेला आकडा वर आणायला रोजची मात्रा लागते.

महिनाभर नेमानं गोळी घेऊन आकडा एक ग्रॅमही हलला नाही तर कारण दुसरीकडे आहे. जंत असतील. संपूर्ण शाकाहारी असाल तर ब-१२ कमी असेल. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल आणि काही समाजांमध्ये थॅलेसेमियाची जनुकं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. त्यासाठी वेगळी तपासणी असते. अशावेळी गोळ्यांवर गोळ्या गिळण्यात अर्थ नाही. आणि बहुतेकदा कारण असतं पाळीत.

पाळीच्या पानावर तारीख लिहा, किती दिवस चालली ते लिहा आणि दिवसाला किती पॅड लागले ते लिहा. २१ ते ३५ दिवसांचं अंतर नेहमीचं. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी, रात्री चादरीखाली प्लॅस्टिक घालून झोपणं, हे 'आमच्या घराण्यातच जास्त जातं' म्हणून सोडायचं नसतं. थायरॉईड असेल, गर्भाशयात फायब्रॉईडच्या गाठी असतील. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. यात वाट बघणं नाही.

आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाकू" म्हणाले तर वही मिटा, घरी या, दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये १३ हजारांहून अधिकजणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात पाळीचा एक दिवस म्हणजे मुकादमाकडचा खाडा हे गणित होतं, आणि कर्करोगाची घातलेली भीती होती. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं साधन आहे. सोनोग्राफी आणि लागेल तिथे अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय निर्णय होत नाही. पिशवीबरोबर बीजकोशही तरुणपणी काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींना त्याची झळ बसते. काढावी लागतेच कधी कधी. पण प्रश्न विचारून, कागद हातात घेऊन.

गौरी बसायच्या आठवड्यात औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याची गोळी सर्रास नेली जाते. जावा-जावा एकमेकींना देतात. ज्यांना पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेली आहे, ज्यांचा रक्तदाब किंवा अर्धशिशी जोरात आहे, त्यांनी ती परस्पर घेऊ नये. देवीला पाळीचं काही वाटत नसावं, असं माझं मत. पण ते प्रत्येकीच्या घरचं.

मान, चेहरा आणि ती सतरा वर्षांची मुलगी

टेलरताई गळ्याचं माप घेतात तेव्हा त्यांना अनेक मुलींच्या मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतो. काखेतही असतो. आया तो घासतात. बेसन, लिंबू, दगड, टूथपेस्टसुद्धा. 'नीट आंघोळ करत नाही' म्हणून बोलणी वेगळी. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा त्वचेच्या घड्या अशा जाड आणि काळ्या होतात. घासून त्वचा सोलते, रंग जात नाही. अशा मुलीची उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. पाळी दीड-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस, मुरुमं असतील तर पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाचा विचार डॉक्टर करतील. इथे एक घाई सगळीकडे दिसते: सोनोग्राफीत बीजकोशात बुडबुडे दिसले की शिक्का मारायचा. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या वयात बीजकोश तसेच दिसतात. आणि या मुलींना उपाशी ठेवण्यापेक्षा चालणं, खेळणं, झोप आणि वजनात पाच-दहा टक्के घट एवढंही पाळीला पुरतं.

रंग उजळवणाऱ्या क्रीमबद्दल दोनच गोष्टी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबवर 'बीटामेथॅसोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉईड आहे. आठवडाभर चेहरा चमकतो, मग त्वचा कागदासारखी पातळ होते, उन्हात भाजते, केस फुटतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होतो. डॉक्टर ते हळूहळू सोडवतात. दुसरं म्हणजे, ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक लिहिलेले नाहीत, ती डबी घरात नको. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण एकापाठोपाठ आले आणि धागा निघाला तो पारा असलेल्या अशा क्रीमचा.

त्या मुलीच्या दंडांविषयी आई बोलली त्याला आता दोन वर्षं झाली. मुलीच्या अंगाबद्दल बोलायचंच असेल तर ते अंग काय करतं त्यावर बोला. सायकलवर किती लांब गेलीस, टेकडी किती वेळात चढलीस, कळशी उचलता आली का. लग्न ठरतंय म्हणून 'दोन महिन्यांत दहा किलो' सांगणाऱ्या केंद्राकडे तिला पाठवू नका. झपाट्यानं उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि परत येते ती चरबी. आणि मुलगी ताटातलं लपवत असेल, जेवून लगेच बाथरूममध्ये जात असेल, थंडी नसताना अंगभर कपडे घालत असेल, पाळी बंद झाली असेल तर हा हट्ट नाही, आजार आहे. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं, रागवायचं नाही.

जमिनीवरून उठणं

चाळिशीनंतर वहीत एक नवीन रकाना घाला: ताकद. हात न टेकवता जमिनीवरून उठता येतं का? आपल्या आज्या निवडण-टिपण करायला दिवसातून वीस वेळा बसत-उठत होत्या. डायनिंग टेबल आलं, ओटा आला, कमोड आला आणि मांड्यांचं काम संपलं. एक सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर फुलीसारखे ठेवा, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. पंचेचाळिशीत बारा जमत नसतील तर आजपासून हाच व्यायाम.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमाराला थांबते, आणि त्याच्या आधीची तीन-चार वर्षं खडबडीत असतात. अंगातून वाफा, रात्री घाम, झोप नाही, चिडचिड. चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, स्नायू आणि हाडं झिजतात. पूर्वीइतकंच खाऊन कंबर वाढते त्याला हे कारण आहे, तुमचा खादाडपणा नाही. नुसत्या चालण्यानं हे थांबत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चाला, आणि त्याशिवाय दोन दिवस वजन उचला. जिम हवीच असं नाही. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, पाच किलो तांदळाची पिशवी, जिना, भिंतीवर रेटून मारलेले जोर. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलात तर गुडघा आणखी दुखेल, कारण त्याला सांभाळणारी मांडी आणखी दुबळी होते.

स्नायूला प्रथिन लागतं आणि आपलं ताट तिथे लंगडं आहे. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम हवं. सकाळचा चहा-बिस्किट, पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी, संध्याकाळी पातळ आमटी-भात, असा हिशेब मांडून बघा, पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. आमटी घट्ट करा. रोज वाटीभर उसळ किंवा पिठलं, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे (त्यातच सातेक ग्रॅम येतं), चालत असेल त्यांना अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी विचारावं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या घरात उसळीची वाटी आधी बाजूला काढून ठेवावी लागते. मी माझी वाटी झाकून कपाटात ठेवते. हसतात घरचे, हसू दे.

उपासाला साबुदाणा हा निव्वळ पिष्टाचा डोंगर. करायचाच तर शेंगदाण्याचा कूट भरपूर घाला, सोबत दही घ्या, एरवी राजगिरा किंवा वरई-शेंगदाण्याची आमटी. थायरॉईडच्या, रक्तदाबाच्या गोळीनं उपास मोडत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असणाऱ्यांनी उपासाच्या आधी डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर एकदम घसरते.

आणि ज्याविषयी सख्खी बहीणही बोलत नाही ते. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवीचे थेंब. त्या भीतीनं बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, नातवंडाला उचलत नाहीत, लग्नाच्या पंगतीत खुर्चीला खिळून बसतात. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांच्या मुताऱ्यांसाठी चळवळ चालली आहे. बाहेर जायला जागा नाही म्हणून पाणी तोडायचं, मग लघवीला जळजळ, या चक्राबद्दल तिथेही बोललं गेलं. थेंबांवर मात्र घरबसल्या उपाय आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते ओळखा. एरवी, बसल्या जागी, ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळा, पाच आकडे सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. श्वास रोखायचा नाही आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. टीव्ही बघताना करा, कुणाला कळत नाही. तीन महिन्यांत फरक नाही पडला, किंवा अंग खाली आल्यासारखं वाटलं तर दाखवायला जा.

वहीच्या मागच्या बाजूला तारखा: तीस वर्षांपुढे गर्भाशयमुखाची तपासणी, स्तनांची डॉक्टरांकडून तपासणी, रक्तदाब. सरकारी केंद्रांत या मोफत आहेत. स्तनात न दुखणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा जास्त महत्त्वाची, हे लक्षात ठेवा. दुखत नाही म्हणून थांबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

यंदाच्या श्रावणात पुन्हा दुकानात गेले तेव्हा टेलरताई मशीनवर डोकं टेकवून बसल्या होत्या. थकवा, म्हणाल्या, सीझन आहे ना. दिवसाला आठ-नऊ कप चहा, जेवण तीन वाजता, उभ्यानं. मी त्यांना समोरच्या प्रयोगशाळेत नेलं. परवा ब्लाऊज आणायला गेले तर त्यांनी वही पुढे केली. शेवटच्या पानावर, छाती-कंबर-मुंढ्याच्या ओळी सोडून, त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. खाली तारीख आणि ९.२. त्याखाली महिन्यानंतरची तारीख आणि १०.३. तिसऱ्या ओळीत पुढच्या महिन्याची तारीख लिहून जागा मोकळी सोडली होती.